कानस लागलेला डॉलर

नाणं कडेनं धरायचं असतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सौदीतल्या खोबर शहरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ओरडून शिकवण्यात आलं. मी टेबल पुसत होते. टेबलावर चांदीचं एक मोठं नाणं पडलं होतं, ते बाजूला ठेवायला म्हणून उचललं. आमचे हे आंघोळ करून बाहेर आले, माझा अंगठा त्या नाण्यावरच्या बाईच्या गालावर टेकलेला पाहिला आणि असे ओरडले की मुलगी पलीकडच्या खोलीतून धावत आली. तिला वाटलं, अब्बांना विंचू चावला.

मीही काही तोंडाची आळशी नाही. नाणं आहे की बाळंतिणीचं मूल, म्हणून विचारलं.  ते भिंग घेऊन माझ्या अंगठ्याचा ठसा शोधत बसले आणि सापडल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू काही मी तो वैर म्हणून उमटवला होता. हे लिहिलेलं ते वाचणारच आहेत. सगळ्यात आधी नाण्याचं साल चुकलं म्हणून सांगतील आणि मग बाकीचं बोलतील. म्हणून मी सालं लिहीतच नाही.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे. आमच्या गावात घरटी एकजण आखातात, तसे हेही. खोबरला एका कोल्ड स्टोरेज कंपनीत सुपरवायझर होते. मासळी, मटण, फळं सगळं त्या गारठलेल्या गोदामांत यायचं आणि तिथून दुकानांत जायचं. एकदा एका अमेरिकन इंजिनियरच्या घरचा डीप फ्रीझर यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्या माणसानं यांच्या हातावर एक जुना चांदीचा डॉलर ठेवला. शंभरेक वर्षांपूर्वीचा. एका बाजूला जाड मानेची, केसांत पानंफुलं खोवलेली बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. भेट कसली, रोगच दिला त्यानं.

दुर्मिळ सालाचं नाणं आपल्या आवाक्यातलं नाही, हे यांनी लगेच ओळखलं. अंथरूण पाहून पाय पसरणं यांच्या रक्तातच आहे. मग यांनी वेगळा रस्ता धरला. ज्या सालांची नाणी टाकसाळीनं ढिगानं पाडली, ज्यांच्याकडे मोठे शौकीन ढुंकूनही बघत नाहीत, तीच सालं घ्यायची. पण त्या ढिगातलं असं नाणं शोधायचं, जे बाजारात कधी फिरलंच नाही. टाकसाळीतून पोत्यात, पोत्यातून तिजोरीत आणि तिथून थेट आमच्या टेबलावर. साल सामान्य, पण चेहरा कोरा. मी म्हटलं, म्हणजे गरिबाघरची पण गोरी मुलगी बघितल्यासारखंच झालं. ते रागावले, पण नाही म्हणाले नाहीत.

एरवी माणूस असा की भाजीवाल्यानं सडका टोमॅटो दिला तरी हसून घेऊन येईल. पण नाणं हातात आलं की पोलीस. हे धुतलेलं असेल. हे कुणीतरी घासलेलं असेल. हे बैरूतला ओतलेलं खोटं असेल. गरुडाच्या छातीवरची पिसं झिजलेली तर नाहीत? बाईच्या गालावर ओरखडे किती? विकणारा एवढ्या स्वस्तात का देतोय? दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करून दाखवायचे. कोऱ्या नाण्यावर उजेड थांबत नाही, फिरतो, पंख्याच्या पात्यासारखा. धुतलेल्या नाण्यावर तो नुसता चमकतो. मला तो फरक दिसायला लागला तेव्हा मी कबूल केलं नाही. एकदा कबूल केलं असतं तर रोज दिव्याखाली बसवलं असतं.

माझा भाऊ तेव्हा जुबैलला वेल्डर होता. तो एका शुक्रवारी जेवायला आला, एक नाणं बोटांत धरून बघितलं आणि परत ठेवताना चांगल्या मनानं शर्टाला पुसून ठेवलं. हे त्या जेवणात त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो निघताना यांनी सलाम केला तोही भिंतीकडे बघून. भावानं मला दारात हळूच विचारलं, माझ्या हातून काय गुन्हा झाला. मी म्हटलं, खून केलास तू, जा आता. पुढं कित्येक आठवडे माझ्या भावाला आमच्याकडे जेवायला बोलावणं नाही. हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी, की नाण्याला धक्का लागला की आमचे हे काय करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग ऑगस्टमध्ये इराकची फौज कुवेतमध्ये घुसली. कुवेत आमच्यापासून गाडीनं काही तासांवर. आठवड्याभरात खोबरच्या रस्त्यांवर कुवेती नंबरप्लेटच्या गाड्या दिसायला लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या, आत बायकापोरं कोंबलेली. पाठोपाठ अमेरिकन फौज आली. दुकानांत वाळूच्या रंगाचे कपडे घातलेली पोरं रांग लावून थंड पेयं घ्यायला लागली. कोपऱ्यावरचा येमेनी बकालेवाला, म्हणजे किराणावाला, ज्याच्याकडून मी रोज खबूसच्या रोट्या आणि दही घ्यायची, त्याचं दुकान एका सकाळी बंद दिसलं आणि परत उघडलं नाही. येमेनी लोकांना जायला सांगितलंय, असं शेजारीण म्हणाली. तिनं ते सांगताना आधी दार लावून घेतलं.

त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. टाकीतल्या पाण्याला वास आला की विष. गच्चीवर कुणी अँटेना फिरवली की हेर. जो तो म्हणायचा की आम्ही कुठं जाणार, अल्लाह मालिक आहे. आणि आतून बॅगांच्या चेनचे आवाज यायचे. कारण पळून जायचं तर आधी कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर इथला व्हिसा असतो त्या मालकाच्या, कानावर जाता कामा नये. सकाळी जिना उतरावा तर एखादं दार कुलूपबंद दिसायचं आणि बाहेर मुलांच्या चपला तशाच. खालच्या मजल्यावरची मल्याळी नर्स माझी जिवाभावाची, तीसुद्धा न सांगता गेली. मला तेव्हा राग आला, आजही आहे.

आणि आमच्या घरात काय, तर नाणी. अमेरिकन कंपाउंडमधली कुटुंबं घाईघाईनं निघत होती. सोफे, कार्पेट, गाड्या, मिळेल त्या भावाला विकत होती आणि कुणाकुणाच्या ड्रॉवरमधून आजोबांच्या वेळचे ते डॉलर निघत होते. यांच्या तर दोन्ही हातांत लाडू. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, विषारी गॅस आला तर म्हणून टॉवेल ओले करून ठेवत होते, आणि हे भिंग घेऊन बाईचा गाल तपासत होते. मी विचारलं, या घाईत विकणारे सगळे खरंच विकतात की तुमच्यासारखा बकरा बघून मुंडी धरतात? ते म्हणाले, म्हणून तर तपासतो. मला पटलं नाही. दुसऱ्यावर एवढा संशय घेणारा माणूसच सगळ्यात आधी फसतो, असं माझी आई म्हणायची आणि आईचं फारसं काही चुकलेलं मला आठवत नाही.

डिसेंबरमध्ये शाळा बंद झाली. जानेवारीच्या मध्यापर्यंत इराकनं कुवेत सोडायचं, नाहीतर युद्ध, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. यांनी मला सांगितलं की एक्झिट-रीएंट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायचा, शिक्का झालाय, तिघांचाही. इथून बसनं जेद्दा, तिथून विमानानं मुंबई. मला किती बरं वाटलं, काय सांगू. मी त्याच दिवशी बॅग काढली. माझा आणि मुलीचा पासपोर्ट यांनी हातात आणून दिला. स्वतःचा ऑफिसात आहे म्हणाले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पासपोर्ट ऑफिसातच असतो, सगळ्यांचाच असतो. आयुष्यभर मी या माणसाच्या खिशातल्या बसच्या तिकिटावरसुद्धा संशय घेतला, आणि नेमका इथं विश्वास ठेवला.

मग चार दिवसांनी, भाकरी मोडता मोडता, सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तुम्ही दोघी पुढं व्हा, मी आठवड्यानं येतो.

मी विचारलं, का. तर म्हणे एक अमेरिकन सोल्जर आहे, छावणीतला, त्यालाही नाण्यांचा नाद, डब्यातलं एक नाणं त्याच्याकडूनच घेतलेलं. त्याच्या बापाचं त्यांच्या गावी नाण्यांचं छोटंसं दुकान आहे. त्यानं बापाला पत्र टाकलंय. फौजेच्या टपालानं दोन नाणी यायची आहेत, अगदी कोरी, यांच्या संचात नेमकी तीच दोन नाहीत. ती हातात पडली की मी निघालोच. आलेला माल सोडून कसं जायचं, असा प्रश्न वर मलाच.

मी जे बोलले ते इथं सगळं लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की मेल्यापासून सुरुवात केली आणि त्यांच्या खानदानापर्यंत पोचले. बायकोमुलीला बॉम्ब पडायच्या आधी एकटं बसमध्ये बसवणार आणि हा माणूस दोन गोल चकत्यांसाठी मागं राहणार. मुलगी म्हणाली, "अम्मी, शाउट मत करो," आणि कानावर हात ठेवून बसली. हे खाली मान घालून जेवत राहिले. मी म्हटलं, ती जाड मानेची बाई तुमची निकाहाची असेल तर मला आत्ताच सांगा. तरी शांत. यांचा तो शांतपणा मला जास्त लागला.

मग माझं डोकं चालायला लागलं. पाणी कुठं तरी मुरत होतं, पण कुठं ते कळेना. कधी वाटायचं, सोल्जर वगैरे काही नाही, पैसा कुठं तरी अडकवून बसलेत. कधी वाटायचं, तो सोल्जर यांना बनवतोय. खोटी नाणी गळ्यात मारतोय आणि आणखी दोन खोटी मारणार आहे. शेवटी हेच मनात पक्कं बसलं. आणि त्याबरोबर उपायही सुचला. एक जरी नाणं खोटं ठरलं तर यांचा सगळा डोलारा कोसळेल. ज्या माणसाकडून घेतलं तो चोर ठरला की त्याच्या पार्सलची वाट कोण बघणार? मग हे मुकाट्यानं आमच्याबरोबर बसमध्ये बसतील. मला नाण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला माझा नवरा त्या बसमध्ये हवा होता.

आता चांदी खरी की खोटी, हे आमच्याकडे कसं ठरवतात? भिंगानं नाही. आमच्याकडे पोरीच्या पायात पैंजण घालायचे तरी आधी सोनाराकडे जायचं. तो आतल्या बाजूनं बारीक कानस मारतो, तो भाग काळ्या कसोटीवर घासतो, घासलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि मान हलवतो. त्यानं मान हलवल्याशिवाय चांदी ही चांदीच नाही. माझी आई, तिची आई, गावातल्या सगळ्या बायका याच रीतीनं आयुष्यभर फसवल्या न जाता जगल्या. दागिना वजनावर विकला जातो. आत कुठं कानस लागली म्हणून कुणाचं काय जातं? मी तशीच वाढलेली.

निघायच्या आदल्या सकाळी हे कामावर गेले, आणि मी कपाटातला डबा उघडला. सोल्जरकडून घेतलेलं नाणं मला माहीत होतं, कारण ते घरात आलं त्या दिवशी हे जेवायचं विसरले होते. प्लॅस्टिकच्या गोल डबीत वेगळं ठेवलं होतं. ते काढलं, रुमालात गुंडाळलं, अबाया चढवला, मुलीचा हात धरला आणि बाजार गाठला. सोन्याच्या दुकानांची ती गल्ली अर्धी बंद होती. एका दुकानाच्या मागच्या बाजूला हैदराबादचा एक म्हातारा कारागीर बसायचा, माझ्या बांगड्या त्यानंच डागून दिल्या होत्या. त्याला म्हटलं, चाचा, चांदी बघून द्या.

त्यानं विचारलं, काटना है? मी म्हटलं, जे करायचं ते करा, मला खरं काय ते हवंय. त्यानं नाणं मुठीत घट्ट धरलं, कडेवर कानस ठेवली आणि दोनदा ओढली. मुलगी माझ्या अबायाला चिकटून उभी होती. त्या आवाजानं तिनं माझं बोट दाबलं. कडेवर नखाएवढी पांढरी खाच पडली. मग दगड, मग तेजाब, मग मिठाच्या पाण्याचा एक थेंब. काळ्या दगडावरची रेघ दह्यासारखी पांढरी झाली.

"असली है, बेटी," चाचा म्हणाला. "पुरानी, अच्छी चांदी. किसी ने धोका नहीं दिया."

माझी काय गत झाली असेल, तुम्हीच बघा. जन्मात कुणाचा माल खरा निघाला म्हणून मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. सोल्जर चोर नव्हता. आमचे हे बावळट नव्हते. आणि आता त्यांना बसमध्ये ओढून न्यायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. येताना मुलीनं विचारलं, अब्बा को पता चलेगा तो? मी म्हटलं, कळू दे.

मी ते नाणं डबीत परत ठेवलं नाही. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या ताटाशेजारी, खाच वर दिसेल असं ठेवलं. खरं सांगायचं तर मला भांडण हवं होतं. त्यांनी ओरडावं, ताट भिरकवावं, माझ्या भावाला धरला होता त्याच्या दहापट अबोला धरावा. मग मीही तोंड सोडलं असतं, आणि त्या रागाच्या भरात काही तरी हललं असतं. चिडलेल्या माणसाला हलवता येतं. शांत माणसाचं काय करणार?

दुपारी हे आले. हात धुतले, बसले, आणि नाणं दिसलं. कडेनं उचललं. बोट फिरवत फिरवत खाचेवर आलं आणि तिथं थांबलं. मी ओट्याशी पाठ टेकून उभी होते. त्यांनी नाणं उजेडाकडे धरलं, थोडं कलतं केलं, आणि खाली ठेवलं.

"असली निघालं ना?" ते म्हणाले. "बरं झालं. हमूरचं कालवण आहे का? भात वाढ."

बस, एवढंच. मी भात वाढला. त्यांनी कालवण ओतलं, माशाचा काटा बाजूला काढला, मुलीच्या ताटात मऊ तुकडा घातला. अंगठ्याच्या एका ठशासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस! सख्ख्या मेव्हण्याला नुसतं शर्टाला पुसलं म्हणून वाळीत टाकणारा माणूस! कानस मारलेल्या नाण्याला शौकीन लोक हात लावत नाहीत, त्याची किंमत आता चांदीच्या वजनाएवढी, हे मला त्यांनीच शंभर वेळा शिकवलेलं. आणि ते भात कालवत होते.

तेव्हा कुठं माझ्या मनात खरी पाल चुकचुकली. ज्याला नाण्यांसाठी मागं राहायचंय, तो असा जेवतो का? मी समोर बसले. मुलीला म्हटलं, आत जा. ती गेली.

"तुमचा पासपोर्ट कुठं आहे?" मी विचारलं.

ते म्हणाले, ऑफिसात.

"मग आत्ता चला. ऑफिसात जाऊन घेऊन येऊ. मी गाडीत बसते."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. आणि मग, अगदी हळू आवाजात, एकेक करून सगळं सांगितलं. कफीलनं पासपोर्ट दिला नव्हता. आमचे दोन दिले, यांचा नाही. कंपनीला फौजेच्या खाण्यापिण्याचं काम मिळालं होतं, गोदामं दिवसरात्र चालू होती, आणि ती मशिनं सांभाळणारा दुसरा माणूस आधीच रात्रीत पळाला होता. कफील म्हणाला, लढाई खलास, मग तू खलास, म्हणजे मोकळा, तोवर इथंच. यांनी दोनदा विनवण्या केल्या, एकदा भांडले, एकदा रडलेसुद्धा. शिक्का तिघांचा झालाय, असं मला सांगितलं त्याच्या आदल्या दिवशीच सगळं संपलेलं होतं. आणि तो सोल्जर? तो कधीच छावणी सोडून सरहद्दीकडे गेला होता. कसलं पार्सल नव्हतं, दोन नाणी येणार नव्हती.

मला आधी कफीलचा राग आला, मग यांचा, मग पुन्हा कफीलचा. मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? मी काय परकी आहे? नाण्यांचं सोंग कशाला आणलंत? तुमच्या त्या डॉलरांच्या नावानं मी तुम्हाला काय काय नाही बोलले या आठवड्यात.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

नाही. नसते गेले. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी मुलीला घेऊन त्या फ्लॅटमध्ये चिकटपट्ट्या लावून बसले असते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू चिडून गेलीस तर बरं. नवरा वेडा आहे, नाण्यांपायी मरतोय, मरू दे, असं म्हणत जाशील. रडत गेलीस तर मला इथं राहता येणार नाही गं."

 मी त्यांचं ताट उचललं, कारण हातांना काही तरी करायला हवं होतं. ओट्यावर ठेवलं आणि नळ सोडून उभी राहिले. मग म्हटलं, मी जात नाही. बॅग उघडते. ते म्हणाले, मुलीला इथं ठेवणार? एवढंच विचारलं, आणखी काही नाही. तो प्रश्न मी किती तरी वेळ टाळायला बघितला. बाहेरच्या खोलीत मुलगी बॅगेवर बसून बंद होत नाही ती चेन ओढत होती. तिनं हाक मारून विचारलं, अब्बांचे कपडे का नाहीत यात?  संध्याकाळपर्यंत मी बॅग बंद केली होती.

सकाळी बस एका रिकाम्या मैदानात उभी होती. आमच्यासारखी पंधरावीस कुटुंबं, बायका आणि पोरं बसमध्ये, पुरुष खाली. सगळीकडे रडारड. एकजण खिडकीतून हात घालून पोराचा हात सोडत नव्हता. आमचे हे बॅग वर चढवून खाली उतरले आणि खिडकीखाली उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की आणखी थोड्या वेळानं या माणसाला उभं राहणं जमणार नाही. हनुवटी थरथरायला लागली होती.

मग मी भांडण काढलं. पहिलं जे तोंडात आलं त्यावरून. म्हटलं, फ्रीझरमध्ये सुरमई ठेवलीय ती आधी संपवा, वर्षभर बर्फ करून ठेवायची नाही, तुमच्या गोदामात ठेवता तशी. ते म्हणाले, मला अक्कल शिकवू नको. मी म्हटलं, अक्कल असती तर शिकवावी लागली असती का? गॅस बंद करायचा विसरता, चाव्या दारात विसरता, बायको बसमध्ये बसवून विसरता. ते म्हणाले, जा एकदाची, घर शांत होईल. मी म्हटलं, होऊ द्या की, तुमच्या जाड मानेच्या बाईला भात वाढायला सांगा. त्यांचा आवाज चढला. माझाही चढला. हनुवटी थरथरायची थांबली, मान ताठ झाली, आणि ते हातवारे करायला लागले, घरी करतात तसे. आजूबाजूचे लोक बघायला लागले. ड्रायव्हरनं यल्ला, यल्ला म्हणून दार ओढलं, तरी मी खिडकीतून बोलतच होते. मुलगी लाजून सीटखाली वाकली होती. बस हलली तसे हेही दोन पावलं बसबरोबर चालले, बोट दाखवून काही तरी सुनावत. मी त्याला त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं.

पुढच्या सीटवर एक बाई पदरानं डोळे पुसत होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बहनजी, ऐसे वक्त भी कोई झगड़ता है? आदमी को जंग में छोड़कर जा रही हो."

मी उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडू बाहेर आलं असतं, आणि बस अजून त्यांना दिसत होती.